सुईच्या आधी पाहणाऱ्या अक्का

डॉ. इंदुमती बोरसे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या एका सभापतींच्या पोटाकडे पाहत होत्या.

ऐंशीच्या दशकाची अखेरची वर्षे. देवपूर भागातल्या त्यांच्या दवाखान्यात सोनोग्राफीचे यंत्र आले होते. धुळ्यात तेव्हा असली यंत्रे फार नव्हती, त्यामुळे हितचिंतकांनी उद्घाटनाचा घाट घातला. मी एका स्थानिक साप्ताहिकात थट्टेचे सदर लिहीत असे, आणि उद्घाटन म्हटले की माझ्या लेखणीच्या तोंडाला पाणी सुटे. प्रमुख पाहुणे कुठल्याशा समितीचे सभापती होते. त्यांनी यंत्राला हार घातला, दोन शब्द सांगतो म्हणून पुष्कळ शब्द सांगितले, आणि छायाचित्रकाराच्या आग्रहावरून स्वतःच तपासणीच्या टेबलावर आडवे झाले. सदरा वर, पोटावर गार जेल, शेजारी डॉक्टरीणबाई. छायाचित्र निघाले, मंडळी पेढ्यांकडे वळली. बाईंचा हात मात्र सभापतींच्या पोटावरून हलेना.

"बाई, फोटो झाला ना?" सभापती म्हणाले.

"फोटो झाला. आता बघू द्या," बाई म्हणाल्या. नजर पडद्यावरच.

मग त्यांनी आम्हां सर्वांना बाहेर काढले आणि दार लावून घेतले. बऱ्याच वेळाने सभापती बाहेर आले. कोणीतरी लगबगीने पेढा पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि क्षणभर पाहून परत ठेवला. समोर आलेली वस्तू सभापतींनी परत केल्याचा माझ्या पत्रकारितेतला हा एकमेव प्रसंग. मी अर्थातच बाईंना गाठले. "काय दिसलं?"

"ते त्यांचं पोट आहे, तुमचं सदर नाही," त्या म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.

त्या आठवड्याचे सदर मला दुसऱ्याच विषयावर लिहावे लागले. पण त्या बाईंना आत काय दिसत असावे, ही उत्सुकता माझ्या मागे लागली ती लागलीच. तेव्हापासून मी त्यांच्या दवाखान्यात रुग्ण म्हणून कमी आणि रिकामटेकडा म्हणून जास्त गेलो. पुढे त्यांची आरोग्यावरची पत्रके सोप्या मराठीत उतरवण्याचे काम माझ्याकडे आले. त्या सांगत, मी लिहीत असे, आणि माझ्या कोट्या त्या खोडत. या गौरवग्रंथात मला जागा मिळाली आहे ती त्या नात्याने. संपादकांनी 'विनोद आवरता घ्या' असे बजावले आहे. अक्कांनी मला जन्मभर तेच बजावले, त्यामुळे सवय आहे.

अक्का हे त्यांचे नाव रुग्णांनी ठेवलेले. त्या मूळच्या शिंदखेडा तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या. औषध कंपन्यांच्या माणसांशी इंग्रजी, माझ्याशी शुद्ध मराठी आणि खेड्यातून आलेल्या माणसांशी थेट अहिराणी, असा त्यांचा कारभार. त्यांची एक रीत मात्र मी दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे पाहिली नाही. टेबलावर झोपवलेल्या माणसाला त्या आधी विचारत, "तुम्हाला काय वाटतं, आत काय असेल?" आणि उत्तर येईपर्यंत खरोखर थांबत. एका म्हाताऱ्या आजीबाईंना हा प्रश्न मुळीच पटला नाही. "मन्हा पोटमा काय शे हाई तू मालेच इचारस? मंग तू कसानी डाक्टर शेस व माय?" अक्का इतक्या हसल्या की पडद्यावरचे चित्रही हलू लागले. पण प्रश्न विचारणे त्यांनी सोडले नाही. रुग्णाला काय वाटते यात कमीत कमी निम्मी भीती आणि एखादा दाणा खरी माहिती असते, असे त्या म्हणत.

त्या काळी गावोगावी हे यंत्र कशासाठी घेतले जात होते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक नसल्याचे सोंगही आपण सर्वांनी उत्तम वठवले. एकदा मी बसलेलो असताना जीपमधून एक सधन कुटुंब आले. सून गरोदर, सासूबाई पुढे, नवरा मागे.

"फक्त बघून सांगा, बाई. आम्ही काही करणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

"काही करायचं नाही, तर बघायचं कशाला?"

"मनाची तयारी."

"मी यकृत बघते," अक्का म्हणाल्या. "आलाच आहात तर तुमच्या मुलाचं बघू." आणि त्या तरण्या गड्याला त्यांनी खरेच टेबलावर घेतले. जेल लावताना म्हणाल्या, "बायकोच्या पोटातलं विचारायला आलात. स्वतःच्या पोटात काय आहे, ते कधी विचारलंत का?"

जीप धूळ उडवत गेली. ती माणसे दुसऱ्या गावी दुसऱ्या यंत्राकडे गेली असणार. अक्कांनाही ते कळत होते. त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहा घेतला नाही, आणि चहा हा त्यांचा एकमेव विलास होता. चहाचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

आता यकृताकडे येतो, कारण अक्कांच्या कुतूहलाचे खरे घर तेच.

कावीळ येते आणि जाते, असे आपण मानतो. काही जणांच्या बाबतीत ती जाते, पण ती आणणारा विषाणू रक्तात मुक्काम ठोकून राहतो. डोळे पांढरे होतात, भूक लागते, माणूस कामाला लागतो आणि आत हा पाहुणा वर्षानुवर्षे बसून असतो. अशा माणसाच्या रक्ततपासणीत यकृताला इजा होत असल्याचे आकडे आले की सगळे बोट पाहुण्याकडे दाखवतात. पण त्याच यकृतात चरबीही साचलेली असेल तर? मग इजा कोण करतो आहे, पाहुणा की चरबी? याचे पक्के उत्तर द्यायला त्या वेळी एकच साक्षीदार होता. बरगड्यांमधून लांब सुई घालून यकृताचा इवलासा तुकडा काढायचा आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. ही सोय मोठ्या शहरात होती, आणि सुईचे नाव ऐकताच आमच्याकडचा माणूस मोठ्या शहराच्या उलट दिशेची गाडी पकडत असे. अक्कांचा प्रश्न साधा होता. सुईच्या आधी, न टोचता, किती कळू शकते?

या प्रश्नापायी त्यांनी जे काही केले, त्यातला बादलीचा प्रसंग सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्या नजरेची परीक्षा घ्यावी म्हणून एका रविवारी त्यांनी बोकडाची कलेजी आणि मूत्रपिंड आणवले, बादलीभर पाण्यात सोडले आणि यंत्राची पोटावर फिरवायची मूठ पाण्यात बुडवून पडद्यावर पाहत बसल्या. नेमके तेव्हाच घरमालक मोहनशेठ पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन आले. मोहनशेठ कडक शाकाहारी. घरात कांदासुद्धा चोरून यायचा.

"अक्का, बादलीत काय आहे?"

"कलेजी."

"माझ्या इमारतीत?"

"शेठ, तुमच्या इमारतीत रोज माणसं कलेजी घेऊनच येतात. ही आज एकटी आली एवढंच."

शेठना बसायला खुर्ची द्यावी लागली. त्यांना पाणी देऊन होते न होते तोच अक्का म्हणाल्या, "शेठ, बरे आलात. जरा आडवे व्हा." अक्कांना निरोगी माणसेही पाहायची होती. निरोगी कसे दिसते हे ठाऊक नसेल तर आजारी कसे ओळखणार? त्या भरात शेठ, औषधवाला, पोस्टमन आणि मी असे सगळे टेबलावरून जाऊन आलो. शेठचे यकृत निरोगी निघाले. पुढे कित्येक दिवस ते गल्लीत सांगत होते, "अक्का म्हणतात, नमुना म्हणून ठेवण्यासारखं आहे." बादलीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

नमुन्यांवरून अक्कांनी मला जे शिकवले ते असे. यकृत आणि उजवे मूत्रपिंड पोटात शेजारी शेजारी असतात. निरोगी माणसात पडद्यावर दोघांचा रंग जवळजवळ सारखा, करडा. यकृतात चरबी साचली की तिथून आवाजाचे प्रतिध्वनी जास्त परततात आणि ते उजळ दिसू लागते. शेजारचे मूत्रपिंड मग त्याच्यापुढे काळेठिक्कर वाटते. म्हणजे यकृताचा न्याय शेजाऱ्याच्या साक्षीने करायचा. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी पाहिजे' असे बिनदिक्कत छापणाऱ्या आपल्या समाजात 'जितकं गोरं, तितकी काळजी' असे सांगणाऱ्या अक्का एकट्याच होत्या.

हे सगळे माझ्या लेखी गमतीचे होते. गंमत संपली ती माझ्या घरचा माणूस त्या टेबलावर गेला तेव्हा.

माझे मेहुणे, म्हणजे थोरल्या ताईंचे यजमान प्रल्हादराव. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. मूळचे शिंदखेड्याकडचे, भुसावळला रेल्वेत इंजिनाचे ड्रायव्हर. त्यांना कावीळ झाली, उतरली, पण रक्तातला विषाणू गेला नाही. आता खानदेशात काविळीच्या माणसाचे आपण काय करतो, ते सांगायला नको. गळ्यात माळ घालतो. तेल, तूप, हळद बंद करतो. मग उसाचा रस, ग्लुकोज, गूळ-फुटाणे यांचा भडिमार करतो, आणि वर बजावतो, 'उठायचं नाही.' कावीळ बहुधा आपणहून उतरते आणि श्रेय माळेला जाते. पुढे पथ्यही सुटते. दाजींचे पथ्य सुटले नाही, कारण 'रक्तात अजून आहे' हे शब्द ताईंनी मनावर घेतले होते. त्यात भुसावळ पडले केळीच्या मुलखात. जो पाहुणा समाचाराला येई तो केळ्यांची फणी घेऊन येई. एक वर्ष गेले, दुसरे सरत आले. दाजी गोड खात होते, पडून होते आणि रुंद होत होते. रक्ताचे आकडे चढत होते. आकडे चढले की ताई उसाच्या रसाचा आणखी एक पेला वाढवत.

पोटात काय चालले आहे ते कळेपर्यंत त्यांच्या हाती गाडी देता येत नव्हती, आणि ते योग्यच होते. त्यांना बसून करायचे काम मिळाले. संध्याकाळी ते स्टेशनवरच्या बाकावर जाऊन बसत आणि दुसऱ्यांनी चालवलेल्या गाड्या पाहत. नातेवाइकांनी निकाल देऊन टाकला होता, की लिव्हर सडत चालले आहे, आता दिवस मोजायचे. मुंबईच्या तज्ज्ञांनी तपासून सुई घालून पाहावे असा सल्ला दिला. दाजी तिथून जे उठले ते तडक माझ्या घरी धुळ्याला. ताई सोबत. "सुई घेणार नाही," एवढेच एक वाक्य. मी त्यांना देवपुरात नेले.

"काय वाटतं भाऊ, आत काय असेल?" अक्कांनी नेहमीप्रमाणे विचारले.

"आत संपत आलंय सगळं."

"कोनी सांगं?" अक्का अहिराणीवर आल्या.

"बठ्ठा सांगतस," दाजी म्हणाले. बठ्ठा म्हणजे सगळेच. गावाकडची भाषा कानावर पडताच त्यांचा आवाज जरा सैल झाला. मग म्हणाले, "अक्का, भुसावळला गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन खाली वाकतो. प्रत्येक चाकाला टोला मारतो. आवाज टणकन आला तर चाक चांगलं. चाक फोडून कोणी बघत नाही. मग माझंच लिव्हर का टोचायचं?"

माझी खात्री आहे, दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांनी 'बरं बरं, आडवे व्हा' म्हटले असते. अक्कांनी स्टूल पुढे ओढले.

"पुन्हा सांगा. चाक बिघडलेलं असलं तर?"

"मग वाजत नाही. भद्द येतं."

"आणि तडा किती खोल गेलाय, ते आवाजावरून कळतं?"

माणूस अडचणीत होता, पण प्रामाणिक होता. "नाही. मग चाक काढावं लागतं. शेडला नेतात."

"झालं तर. माझं यंत्र म्हणजे तुमची हातोडी. मीसुद्धा आत आवाजच पाठवते आणि परत काय येतं ते बघते. चांगलं वाजलं तर उत्तम. भद्द वाजलं आणि खोली कळेना, तर शेडला जायचं. कबूल?"

दाजी बायकोकडे, मग माझ्याकडे पाहू लागले. आपल्याच दाखल्यात आपण कसे सापडलो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. "कबूल," ते म्हणाले.

दिवे मंद झाले. अक्कांनी मूठ पोटावरून पुन्हा पुन्हा फिरवली. मग त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. "हे मूत्रपिंड. हे यकृत." सांगायची गरज नव्हती. मूत्रपिंड काळे होते आणि त्याच्या शेजारी यकृत असे, की नुकताच चुना मारलेली भिंत.

"सडलं?" ताईंनी विचारले.

"सडलं नाही. चरबी आहे. भरपूर. यांना खायला काय देता?"

ताईंनी अभिमानाने सगळे सांगितले. सकाळी ग्लुकोज, मग रस, मग केळी, दुपारी गूळ, तेलाचा थेंब नाही, दाजींना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. सांगता सांगता अक्कांचा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरत गेला. "म्हणजे मीच...?"

"तुम्ही एकट्या नाही, ताई. आपण सगळ्यांनी मिळून. हे पथ्य आपल्या घराघरात आहे. माझ्या आईनेही मला हेच दिलं असतं, आणि कदाचित मीही ते प्याले असते."

"मग विषाणूचं काय?" मी विचारले.

"आहे. कुठे गेलेला नाही. या पांढऱ्यामागे त्याने किती नासधूस केली आहे, ते मला दिसत नाही. मला माहीत नाही."

मी आयुष्यभर या जिल्ह्यातली भाषणे ऐकत आलो. पाणी कधी येईल, रस्ता कधी होईल, बोनस किती मिळेल, सगळ्यांना सगळे माहीत असते. खुर्चीत बसलेल्या माणसाने समोरच्याच्या डोळ्यांत पाहून 'मला माहीत नाही' म्हटलेले मी त्या दिवशी प्रथम ऐकले. आणि चमत्कार असा की दाजींना त्यानेच धीर आला. आजवर सगळे त्यांना खात्रीने मारत होते.

अक्कांनी मुंबईच्या तज्ज्ञांशी बोलून थोडे थांबणे सुरक्षित आहे ना, हे विचारून घेतले. मधून मधून रक्त तपासत राहायचे या अटीवर त्यांनीही मान्यता दिली. मग अक्कांनी दाजींना सांगितले, "दिवाळीनंतर पुन्हा बघू. तोवर रस, ग्लुकोज, गूळ बंद. केळी बंद. भाजी-भाकरी खायची, वजन हळूहळू उतरवायचं आणि रोज चालायचं. आकडे उतरले तर चोर चरबी होती असं समजू. नाही उतरले तर सुई. त्या वेळी मी स्वतः तुमच्याबरोबर येईन."

"केळी बंद? भुसावळात राहून?" दाजी म्हणाले.

"आणि दिवाळीचं गोड?" ताई.

"दिवाळीनंतर बघायचं म्हटलं, दिवाळी खाऊन यायचं म्हटलं नाही."

त्या पावसाळ्यात आमच्या घराण्यात अक्कांइतकी निंदा कोणाचीच झाली नसेल. मरायला टेकलेल्या माणसाला रेल्वे कॉलनीत फेऱ्या मारायला लावतात, हे कोणाला सहन होईना. माझी आई तर उघड म्हणे, "बिचाराले उपाशी मारी राहिनी ती डाक्टरीन!" ताईंची अवस्था बिकट होती. दोन वर्षे ज्या हातांनी रस दिला, त्याच हातांनी आता आलेली केळी शेजारी वाटायची. दाजी फणफणत, पण चालत. वाटेत कोणी विचारले तर सांगत, "शेडला जायचं नाही, म्हणून चालतोय."

दिवाळी सरली आणि आम्ही पुन्हा देवपुरात गेलो. त्या दिवशी अक्कांनी 'आत काय असेल' हा प्रश्न विचारला नाही. इतक्या वर्षांत तो न विचारण्याची ती एकच वेळ. त्यांनाही भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळले. मूठ पोटावर टेकली. पडद्यावर मूत्रपिंड आले, शेजारी यकृत आले. चुना उतरला होता. अगदी शेठच्या नमुन्यासारखे नाही, पण करडेपणा स्पष्ट परतला होता. रक्ताचे आकडे जवळजवळ ठिकाणावर आले होते.

"म्हणजे बरा झालो?" दाजींनी टेबलावरूनच विचारले.

"या वर्षीपुरतं ठीक आहे. पुढच्या वर्षी परत या."

दाजींचा चेहरा पडला. त्यांना निर्दोष सुटका हवी होती आणि मिळाली ती तारीख. "अक्का, एकदाचं बरा म्हणा ना."

"विषाणू आत आहे तोवर मी बरा म्हणणार नाही. खोटं बोलले तर पुढच्या वेळी माझं खरं कोण ऐकेल?"

पुढे रेल्वेच्या डॉक्टरांनी त्यांच्या रीतीने सर्व तपासण्या केल्या आणि काही काळाने दाजींच्या हाती पुन्हा इंजिन आले. ताईंनी कॉलनीत पेढ्यांऐवजी भाजलेले शेंगदाणे वाटले. लोकांनी नावे ठेवली. ताईंनी ऐकून घेतले.

हा एक प्रसंग सांगून मी थांबलो तर अक्काच माझ्यावर रागावतील. म्हणून दुसराही सांगतो. धुळ्याचे रशीदभाई, शिवणकाम करणारे. त्यांच्याही रक्तात तोच पाहुणा, यकृत तितकेच उजळ. अक्कांनी त्यांनाही तेच सांगितले, त्यांनीही तितक्याच निष्ठेने पाळले. पांढरेपणा उतरला, आकडे उतरले नाहीत. "अक्का, आप तो बोले थे चरबी है," रशीदभाई म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, कोडे होते. "होती. पण ती एकटी नव्हती," अक्का म्हणाल्या. "आता सुईशिवाय पुढचं कळणार नाही." आणि दवाखाना बंद ठेवून त्या त्यांच्यासोबत मुंबईला गेल्या. सुई आत जाताना रशीदभाईंचा हात त्यांच्या हातात होता. सुईने विषाणूवर बोट ठेवले आणि उपचारांची दिशा तरी ठरली. अक्कांचे पांढरे कोट आजही रशीदभाईच शिवतात, आणि खिसा मुद्दाम मोठा ठेवतात, 'कारण अक्का त्यात काहीही कोंबतात.'

जळगावला डॉक्टरांच्या एका सभेत अक्कांनी आपले हे सगळे पाहणे मांडले, तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी खोचकपणे विचारले, "बाई, आता सुईची गरज संपली, असं म्हणायचंय का?"

"नाही," अक्का म्हणाल्या. "सुईपर्यंत कोणाला घाईने न्यायचं आणि कोणाला थोडं थांबवून बघायचं, हे ठरवायला मदत होते, इतकंच. चरबी थोडी असेल तर मला दिसत नाही. जास्त असेल तर तिच्यामागचं दिसत नाही. आणि मला पांढरं वाटतं ते तुम्हाला करडं वाटू शकेल. म्हणून दोघांनी बघावं."

टाळ्या बेताच्याच पडल्या. आपण काय सिद्ध केले नाही, ते सांगून खाली बसणाऱ्या वक्त्यासाठी टाळ्या वाजवण्याची आपल्याकडे पद्धत नाही. मात्र त्या ज्येष्ठ डॉक्टरांनी नंतर आपले रुग्ण अक्कांकडे पाठवायला सुरुवात केली, आणि कधी कधी ते स्वतःही येत. दोघे मिळून पडद्यापुढे भांडत. पांढरे की करडे! अक्कांचा तो सर्वांत आनंदाचा वेळ असे.

आता चहा. निरोगी नमुन्यांच्या पहिल्या फळीत अक्कांनी स्वतःलाही गृहीत धरले होते. त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एके दिवशी सहज त्यांच्या पोटावर मूठ ठेवली आणि पडद्याकडे बोट दाखवले. अक्कांनी मान वळवून पडदा पाहिला. चुना! कपात चमचा उभा राहील इतक्या साखरेचा चहा त्या वर्षानुवर्षे पीत आल्या होत्या. ही हकीकत त्यांनी स्वतःच जळगावच्या सभेत, भर मंचावरून सांगितली, म्हणून मी लिहितो आहे. एरवी ते त्यांचे पोट आहे, माझे सदर नाही. "नमुना बाद," असे म्हणून त्या हसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून पांझरा नदीच्या काठाने चालू लागल्या. बिनसाखरेचा चहा पिताना त्यांचा चेहरा अजूनही एरंडेल घेतल्यासारखा होतो. पण पितात.

यंदा अक्कांनी साठी पूर्ण केली. या जागी 'शतायुषी व्हा' असे लिहिण्याचा प्रघात आहे. मी तसे लिहिले तर अक्का चष्मा वर करून विचारतील, "कशावरून?" आणि माझ्याजवळ उत्तर नसेल. म्हणून ही शुभेच्छा मी दाजींकडून उसनी घेतो.

दाजी अजून गाडी चालवतात आणि दर वर्षी दिवाळीनंतर भुसावळहून धुळ्याला येतात. 'या वर्षीपुरतं ठीक आहे, पुढच्या वर्षी परत या' हे वाक्य त्यांना पहिल्यांदा शिक्षेसारखे लागले होते. आता ते ऐकण्यासाठी इस्त्रीचा सदरा घालून येतात. मागच्या खेपेला टेबलावरून उतरताना म्हणाले, "अक्का, तुम्ही 'बरा' म्हणाला असता ना, तर मी कधीच परत आलो नसतो."

तर अक्का, पांझरेच्या काठाने तुम्ही रोज चालत राहा, आणि उत्तम प्रकृतीने आमच्या पोटांत डोकावत राहा. तुमच्या साठीचा फोटो आता निघाला आहे. आम्ही सर्वांनी, धुळेकरांनी आणि जळगावकरांनी, निरखून पाहिले. जे दिसत नाही त्याबद्दल आम्हाला माहीत नाही. जे दिसते ते असे, की या वर्षीपुरते सगळे ठीक आहे.

पुढच्या वर्षी परत या. आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.